माईक कुणी धरायचा?

बारावीचा निकाल लागला की हिंगोलीत नीट-सीईटीच्या गर्दीतून दोन-चार पोरं अशी निघतातच, ज्यांना ‘मीडियात’ जायचं असतं. घरचे विचारतात, म्हणजे नेमकं करणार काय? एक म्हणतं डायरेक्टर, दुसरं म्हणतं अँकर. तिसऱ्याकडे उसनवारीचा ड्रोन असतो, लग्नाच्या शूटिंगमधून चार पैसे सुटायला लागलेले असतात, त्याला सिनेमॅटोग्राफर व्हायचं असतं. कॉलेजांतून व्याख्यानाच्या निमित्तानं मी बरीच वर्षं या पोरापोरींशी बोलतो आहे. ‘सर, मला आवाजाचं काम शिकायचंय’ असं आपणहून म्हणणारं पोरगं मात्र अजून भेटायचं आहे.

संपादकांनी मला विषय दिला तो माध्यमशिक्षण आणि करिअरचा. तो मी टाळणार नाही, पण माझं मन कुठं गुंतलंय ते वाचकांना आधीच कळलेलं बरं.

आधी कर्तव्य उरकून घेतो. हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे आणि घरापासून ते सगळ्यात जवळ. पदवी कुठल्याही शाखेची चालते, त्यानंतर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पत्रकारिता आणि नाट्यशास्त्र, दोन्ही विभाग आहेत. पुण्यात १९६४ पासूनचं रानडे इन्स्टिट्यूट. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथं मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम चालतो. पूर्णा-अकोला लाईन २००८ साली ब्रॉडगेज झाल्यापासून हिंगोली डेक्कन स्टेशनवरून त्या बाजूला जाणं पूर्वीइतकं जिवावर येत नाही. सिनेमाचंच वेड असेल तर पुण्याची एफटीआयआय. एवढ्यात बहुतेकांचा नकाशा संपतो. प्रवेशाच्या तारखा आणि फी ज्याच्या त्यानं संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावी. दरवर्षी बदलणाऱ्या गोष्टी दिवाळी अंकात छापून काय उपयोग?

नकाशावर न दिसणारं एक नाव मात्र मुद्दाम सांगतो : नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेज. नागराज मंजुळे तिथल्या संज्ञापन अभ्यास विभागाचे विद्यार्थी. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तालुक्या-जिल्ह्याच्या कॉलेजातला प्रकल्प दिल्लीपर्यंत जातो, ही गोष्ट ‘आपल्याकडं काही नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक पोराला मी ऐकवतो. पुढं २०१४ च्या फेब्रुवारीत त्यांचा ‘फँड्री’ हा सिनेमा आला. त्यातला डुक्कर पकडण्याचा प्रसंग आठवा. नायक जब्याचं घरदार डुकराच्या मागं धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे, डुक्कर मात्र मोकळं. या प्रसंगातली सगळी ताकद पडद्यावर न दिसणाऱ्या त्या आवाजात आहे. तो आवाज काढून टाका आणि बघा काय उरतं ते! माणसं धावता धावता अचानक थांबली, एवढंच.

इथून पुढं मी माझ्या वाटेला लागतो.

माध्यमांच्या पुस्तकात पहिल्या काही पानांतच शॅनन-वीव्हरचं प्रारूप येतं. प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक अशी चौकटींची रांग आणि मधल्या बाणावर लिहिलेलं ‘नॉईज’. पोरं ती आकृती घोकतात, पेपरात काढतात, पाच मार्क घेतात. क्लॉड शॅनन हा अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला माणूस. तारेतून जाणारा संदेश खरखरीत हरवू नये, म्हणून १९४८ साली त्यानं सगळं गणित मांडलं. त्याचा ‘नॉईज’ म्हणजे मुळात कानाला त्रास देणारी खरीखुरी खरखर. शिक्षकांनी पोरांना एक रेकॉर्डर देऊन हिंगोलीच्या बसस्टँडवर उभं करावं आणि एखाद्या प्रवाशाची मुलाखत घ्यायला लावावी. गाड्यांच्या घोषणा, इंजिनाची घरघर, खारेमुरेवाल्याची आरोळी यांतून त्या माणसाचं वाक्य वेगळं काढताना शॅनन आपोआप समजतो. माझ्या मते आपल्या अभ्यासक्रमांत लेखी परीक्षेचं ओझं अजूनही फार आणि हेडफोन फार कमी.

हेडफोन लावून पहिल्यांदा रेकॉर्डिंग करणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. आपला मेंदू नको ते आवाज गाळतो, माईकला तेवढी अक्कल नसते. घरातला फ्रिज, लांबची पाण्याची मोटार, खिडकीतून येणारा वारा, सगळं सारख्याच मायेनं तो आत घेतो. म्हणून जाणता साऊंडवाला शूटिंगच्या जागी पोचला की आधी पंखा आणि फ्रिज बंद करायला लावतो. बूमच्या माईकवर केसाळ टोपी चढवतो, कॉलर माईकची वायर शर्टाला घासू नये म्हणून चिकटपट्टी लावतो. सीन संपला तरी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतो. नवख्यांना हा चावटपणा वाटतो. पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि एडिटिंगच्या टेबलावर दोन वाक्यांमधली फट बुजवायला तीच लागते. सिनेमासाठी सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाची नोंद घेतली जाते, सीडीसाठी ती ४४,१०० वेळा घेत. हे आकडे पाठ करायची गरज नाही, हाताशी काम आलं की ते अंगवळणी पडतात.

एका कॉलेजच्या मुलांना घेऊन मी हळदीच्या बीटला, म्हणजे लिलावाला, गेलो होतो. कॅमेरे बाहेर ठेवायला लावले, आत न्यायचे फक्त रेकॉर्डर. पहिली दहा मिनिटं पोरं कावरीबावरी झाली. मग एकाच्या लक्षात आलं की व्यापारी ढिगातलं हळकुंड उचलतो, दोन्ही हातांनी कट्‌कन मोडतो, आणि आतला रंग पाहण्याआधीच त्याचा चेहरा बदललेला असतो. नीट उकडलेलं, नीट वाळलेलं हळकुंड मोडताना टणक, जवळजवळ धातूसारखा आवाज देतं. ओल राहिली असेल तर ते मऊ मोडतं, आवाज बसका येतो. म्हणजे भाव ठरायच्या आधी कान निकाल देतो! त्या पोरानं मग माईक हळकुंडापाशी नेला. एक हमाल ओरडला, ‘ओ, ते काय बोलणारंय का?’ सगळं बीट हसलं आणि ते हसूही रेकॉर्ड झालं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वाहिन्यांवर पिवळ्याधमक ढिगांची दृश्यं दिसली. त्या पोराच्या रेकॉर्डिंगमधली हळद मला त्याहून जास्त खरी वाटते.

या जिल्ह्याला आवाजाचं वेड जुनंच आहे. नर्सी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं. कीर्तनाच्या रंगात नाचत ज्ञानाचा दिवा लावणारा हा माणूस पार पंजाबात पोचला, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि पंजाबातली मंडळी आजही नर्सीला येतात. औंढा नागनाथाच्या देवळाची कथा तर सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. कथा म्हणून घ्या की श्रद्धा म्हणून, मला त्यात माझ्या कामाचं दिसतं ते असं की तिथं गाणारा कुणाला दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

आणि त्याच औंढा तालुक्यात आता जगातले शास्त्रज्ञ ‘ऐकायला’ येणार आहेत. दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर, आणि टोकाला आरसे. गुरुत्वीय लहर आली की या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी लहान इतका फरक पडतो, तो मोजायचा. त्यासाठी जमीन कमालीची शांत हवी. गाड्यांचा, कारखान्यांचा हादरा नको. आपण ज्याला मागासपण म्हणत आलो, तेच इथं गुणपत्रिकेत धरलं गेलं, याची मला गंमत वाटते. अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. तिची कंपनं ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली, म्हणजे माणसाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच. शास्त्रज्ञांनी तिचा ध्वनी करून लोकांना ऐकवला : सेकंदाच्या पाचव्या हिश्शात संपणारी, वर चढत जाणारी छोटीशी ‘च्युप’. सव्वाशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, ती बातमी जगानं कानानं घेतली. माध्यम शिकणाऱ्या पोरांना मी म्हणतो, हा प्रकल्प औंढ्याच्या शेतकऱ्याला मराठीत समजावून सांगणारा माणूस उद्या लागणार आहे. तो पुण्याहून बोलवावा लागला तर दोष कुणाचा?

बोलून समजावण्याची कला तर इथल्या मातीत आहे. नरहर कुरुंदकर कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचे. त्यांना ऐकलेली माणसं आजही सांगतात की अवघड विषय ते गप्पा मारल्यासारखा उलगडत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी व्याख्यानाच्या व्यासपीठावरच त्यांचं निधन झालं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करत. ना सेट, ना वेशभूषेचा थाट. आमच्या बोलीचे हेलकावे तेवढे होते, आणि त्यावर त्यांनी लंडनचं विमान उडवलं. विद्यापीठातला प्राध्यापक काय करू शकतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

‘साऊंडवाला’ म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर मंडपातला डीजे येतो. त्यांना मी प्रभात कंपनीतल्या विष्णुपंत दामले यांच्याबद्दल सांगतो. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला, मराठीतला पहिला बोलपट. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू सांभाळणारे दामले. पुढं १९३६ मध्ये फत्तेलाल यांच्याबरोबर त्यांनीच ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला, आणि तो व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. गाथेतला अभंग पडद्यावर कसा ऐकू यावा हे ज्याला कळत होतं, त्याच्याच हातून तो सिनेमा व्हावा, यात योगायोग मला तरी दिसत नाही. प्रभातच्या त्याच पुण्यातल्या स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून एफटीआयआय आहे. तिथं ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतरचा. रसूल पुकुट्टी तिथंच शिकले आणि २००९ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं. या अभ्यासक्रमाला बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट असते. हे सांगितलं की पालकांचे डोळे चमकतात, कारण विज्ञान शाखेत दोन वर्षं क्लासची फी भरून नीट हुकलेली पोरं घरोघरी आहेत. ते भौतिकशास्त्र वाया गेलेलं नाही, एवढं तरी त्यांना कळतं.

कामं किती प्रकारची आहेत पाहा. शूटिंगच्या जागी आवाज धरणारा, बूम सांभाळणारा, संवाद साफ करणारा, पावलांचे-भांड्यांचे आवाज स्टुडिओत नव्यानं करणारा फोली कलाकार, शेवटचं मिक्सिंग करणारा. सिनेमाबाहेर डबिंग, पॉडकास्ट, श्राव्य पुस्तकं. मराठीत स्टोरीटेल आल्यापासून कादंबऱ्या वाचून दाखवणं हाही कामाचा भाग झाला. आकाशवाणी आवाजाची चाचणी घेऊन नैमित्तिक निवेदक घेते. परभणीचं केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर ऐकत आमची पिढी मोठी झाली. शेतीचे कार्यक्रम ऐकून फवारणी ठरवणारी घरं मी पाहिली आहेत. शिवाय गावोगावची कीर्तनं आता यूट्यूबवर जातात, त्यांत महाराज उत्तम आणि आवाज मडक्यातून आल्यासारखा, अशी स्थिती. नीट शिकलेल्या एका पोरानं सप्ताहाच्या हंगामात नुसतं हेच काम धरलं तरी त्याचं बरं चालेल.

हिंगोलीतल्या रामलीला मैदानावरच्या दसऱ्याचं उदाहरण घ्या. दीडशेहून जास्त वर्षांचा हा उत्सव. लांबच्या भोंग्याजवळ उभं राहिलं की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, वायरीतला सिग्नल मात्र क्षणात पोचतो. त्यामुळं जवळचा भोंगा आधी बोलतो आणि स्टेजवरचा मागून येतो. शंभर मीटरवरच्या भोंग्याला सेकंदाच्या तीन दशांशांइतका उशीर मुद्दाम लावला की गोंधळ मिटतो. हे मी एका मंडपवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘सर, लोकाइला मोठा आवाज पायजे, साफ कोण मागतंय?’ त्याच्याशी माझं भांडण अजून चालू आहे.

पैशाबद्दल खोटं सांगणार नाही. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची. काम लागलं तर सलग, नाही तर महिनाभर फोन वाजत नाही. मुंबईत चौघांत एक खोली. सेनगावकडचा एक मुलगा सध्या मालिकांच्या सेटवर बूम धरतो. दिवसभर हात वर करून उभं राहायचं, फ्रेममध्ये माईक दिसता कामा नये आणि नटाचा श्वासही सुटता कामा नये. एका सिनेमात पहिल्यांदा नाव आलं तेव्हा त्यानं आईवडिलांना नांदेडला थिएटरात नेलं. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले, झाडूवाला आत आला, तरी हे तिघं खुर्चीत. सगळ्यात शेवटी नाव सरकत वर गेलं. आईला ते वाचेपर्यंत निघून गेलं होतं. बाहेर आल्यावर ती पोराला म्हणाली, ‘एवढे दिवस हात वर करून उभा राहिलास अन्‌ नाव एवढं बारीक कामून लिहितेत रे?’