एक जानेवारी, चार आरंभ

स्कॉटलंडमधलं डंडी हे सूतगिरण्यांचं शहर. तिथल्या सेंट पीटर्स चर्चचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साल सरता सरता आपल्या मंडळीच्या हाती बायबलवाचनाचं एक कोष्टक दिलं. तारखा, पुस्तकांची नावं, अध्यायांचे आकडे, बस्स. रेल्वेच्या वेळापत्रकासारखं रुक्ष. पण रोज थोडा वेळ एकांतात पवित्र शास्त्र वाचून प्रार्थना करणारी कितीतरी माणसं आजही त्यावर चालतात. आणि ते कोष्टक जरा उलगडून पाहिलं, की ते रचणाऱ्याच्या डोक्याला दाद द्यावीशी वाटते.

आधी हिशेब. जुन्या करारात ९२९ अध्याय, नव्या करारात २६०. मॅकशेन यांना वर्षभरात जुना करार एकदा वाचून व्हायला हवा होता, नवा करार दोनदा, आणि स्तोत्रसंहितेची १५० स्तोत्रंही दोनदा. बेरीज होते १,५९९. रोज चार उतारे धरले तर ३६५ दिवसांत जागा मिळतात फक्त १,४६०. म्हणजे १३९ अध्याय कुठेतरी दाटीवाटीने बसवायचे. मग छोटी स्तोत्रं दोन-दोन, तीन-तीन एकाच दिवशी आली. उलट ११९वं स्तोत्र १७६ वचनांचं, ते अनेक दिवसांवर पसरलं. (अध्यायांची ही विभागणी मूळ लेखकांची नाही. ती तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी केली असं मानतात. ती नसती तर असलं कोष्टक करणंच अशक्य होतं.)

खरी गंमत पुढे आहे. बायबल वाचायला घेणारा माणूस साहजिकच पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि पुष्कळदा लेवीयमधल्या होमार्पणांच्या नियमांपाशी अडकतो. मॅकशेन यांनी एकाऐवजी चार ठिकाणांहून, चार रांगांत सुरुवात केली. एक जानेवारीला उत्पत्ती १, मत्तय १, एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १. जगाचा आरंभ, ख्रिस्ताचा जन्म, बंदिवासातून परतलेल्या लोकांची नवी सुरुवात आणि मंडळीची सुरुवात, चारही एकाच दिवशी. शिवाय एक रांग नियमांच्या रुक्ष प्रदेशातून जात असली, तरी बाकीच्या तीन रांगांत कुठे गोष्ट चाललेली असते, कुठे पत्र, कुठे गाणं.

आता ३१ डिसेंबर पाहा. त्या दिवशीचे उतारे: २ इतिहास ३६, प्रकटीकरण २२, मलाखी ४, योहान २१. इतिहासाचं दुसरं पुस्तक संपतं ते पारसचा राजा कोरेश याच्या फर्मानाने, आणि एज्राचं पुस्तक सुरू होतं जवळपास त्याच शब्दांत. म्हणजे वर्षाच्या शेवटच्या दिवशी अर्ध्यावर राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी, नव्या वर्षात, पुढे चालू होतं. मलाखीनंतर बायबलात मत्तय येतो, योहानानंतर प्रेषितांची कृत्ये. ते दोन्ही एक जानेवारीला हजर. उरलं प्रकटीकरण. ते जीवनाच्या झाडापाशी संपतं आणि उत्पत्ती त्याच झाडाच्या बागेकडे नेतं. चारही रांगा गोल फिरून पुन्हा आरंभाला येतात.

चारपैकी दोन उतारे कुटुंबाने एकत्र वाचायचे, दोन ज्याने त्याने एकट्याने. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात खोलीचं दार लावून प्रार्थना करायला सांगितलं, तो हा दुसरा भाग. तिथे करायचं काय, हे मॅकशेन यांनी एका मुलाला पत्रातून समजावलं होतं: शास्त्र समोर खुर्चीवर उघडं ठेवायचं, गुडघे टेकायचे आणि जे वाचलं त्याचीच प्रार्थना करायची. शब्द सुचत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यासाठी याहून साधी युक्ती मला तरी माहीत नाही.

आणि फायदा? मॅकशेन यांनी सांगितलेल्या फायद्यांतला एक मला सगळ्यांत पटतो: काय वाचावं हे ठरवण्यात वेळ जात नाही. एकांताची वेळ बहुधा त्याच घोळात संपते. पानं चाळत बसायचं, आवडता उतारा पुन्हा वाचायचा आणि उठायचं. शिवाय सगळी मंडळी एकाच दिवशी एकच उतारे वाचते, त्यामुळे आपले लोक आज कुठे पोचलेत हे पाळकालाही कळतं.

पण धोके त्यांनी आधी सांगितले. वाचन नुसता उपचार होईल. इतकं वाचलं म्हणून आपण चांगले असा गर्व चढेल. उतारा संपवण्याच्या घाईत मन दुसरीकडे जाईल. काहींना हे जूच होऊन बसेल. स्वतःच्याच योजनेची इतकी कडक झडती घेणारा योजनाकार विरळा. त्यांना स्वतःला त्या नव्या वर्षाचे तीन महिनेही मिळाले नाहीत. २५ मार्च १८४३ रोजी टायफसने ते गेले, तेव्हा वय होतं २९.

कोष्टक मात्र पुढे चालत राहिलं. विसाव्या शतकात लंडनमधले धर्मोपदेशक मार्टिन लॉइड-जोन्स आणि जॉन स्टॉट ते वापरत. ते नुसत्या आकड्यांचं असल्याने भाषेचीही अडचण नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी केलेलं मराठी भाषांतर घ्या किंवा आज घरोघरी असलेलं पवित्र शास्त्र. रोज चार जमत नसतील तर दोनच रांगा घेऊन दोन वर्षांत फेरी पुरी करणारेही आहेत. आणि एक जानेवारीची वाट पाहायलाच हवी असं नाही. नऊ जुलैला सुरुवात केली, तरी पुढच्या आठ जुलैला सगळं वाचून झालेलं असतं.