खेळणं विकू नका, खेळायला शिकवा



माझं पेट शॉप नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एक काकू आल्या आणि आठवड्यापूर्वी नेलेलं खेळणं त्यांनी काउंटरवर ठेवलं. काडी, तिला दोरी आणि दोरीच्या टोकाला पिसं. किंमत १५० रुपये.

"दादा, हे परत घ्या. आमचा बोका याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. माझ्याकडेही नाही. दिवसभर पलंगाखाली. मुलगी म्हणते, देऊन टाकू कोणाला तरी."

बीबीए करून मी मार्जिन, स्टॉक सगळं शिकलो होतो. मांजर खेळतं कसं, हे मात्र माहीत नव्हतं. पैसे परत केले असते की विषय संपला असता. पण मी म्हटलं, "काकू, कसं खेळवता ते दाखवा ना." त्यांनी पिसं सरळ माझ्या नाकासमोर हलवली.

रात्री ओळखीच्या व्हेट डॉक्टरांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "उंदीर कधी स्वतःहून मांजराच्या तोंडापाशी नाचायला जातो का?"

खरी गोम तिथेच होती. मांजर हा शिकारी प्राणी. त्याचं खेळणं म्हणजे शिकारच. म्हणून पिसं त्याच्यापासून लांब न्यायची. पलंगाच्या पायाआड लपवायची, चादरीखालून सरकवायची. मध्येच थांबायचं आणि मग हळूच थरथरवायचं. मांजर आधी नुसतं टक लावून बघेल. तोही खेळच आहे, घाई करू नका. मग ते दबा धरेल, मागचं अंग हलवेल आणि झेप घेईल. झेप घेतली की त्याला पकडू द्या. दर वेळी हुलकावणी दिलीत तर ते कंटाळतं. शेवटी हालचाल मंद करा आणि थोडा खाऊ द्या. शिकार झाली, पोट भरलं, आता अंग चाटून झोप!

सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं पुरतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजरं तशीही जास्त चपळ असतात.

यातून नातं कसं जुळतं? भित्र्या मांजराला आपला हात अंगावर आलेला नको असतो. काडीमुळे मधे अंतर राहतं, तरी मजा तुमच्यामुळेच येते. हळूहळू त्याच्या डोक्यात बसतं की हा माणूस आला म्हणजे काहीतरी चांगलं होणार. मात्र बोटं नाचवून खेळवू नका, चावायची सवय लागते.

दुसऱ्या दिवशी काकूंना हे सगळं करून दाखवलं. तीनेक आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. "मांडीवर अजून बसत नाही हो. पण रात्री आठ वाजले की काडी ठेवलेल्या कपाटासमोर येऊन बसतो आणि माझ्याकडे बघतो." बोका घरातच राहिला.

तेव्हापासून प्रत्येक खेळण्यासोबत मी मराठीत एक चिठ्ठी देतो. कसं खेळवायचं, ते वर सांगितलंच. खाली काळजीच्या गोष्टी असतात:

• खेळून झालं की दोरीचं खेळणं कपाटात ठेवा. गिळलेली दोरी आतड्यात अडकून जिवावर बेतू शकतं. तोंडातून किंवा मागून दोरी लोंबताना दिसली तर ओढू नका, थेट डॉक्टरांकडे जा.
• लेझर डोळ्यांवर मारू नका. प्रकाशाचा ठिपका पकडता येत नाही, म्हणून शेवटी खरं खेळणं किंवा खाऊ द्या.
• सगळी खेळणी एकदम बाहेर काढू नका. आलटून पालटून द्या, म्हणजे जुनंही नवं वाटतं.
• कागदाचा बोळा आणि रिकामा खोकाही चालतो.

शेवटची ओळ वाचून मित्र म्हणाला, "अरे, गिऱ्हाईक घालवशील!" पण ज्या घरात मांजर आणि माणसं एकमेकांना लागतात, त्या घरातून खाऊ, वाळू, पुढचं खेळणं यासाठी लोक आपल्याकडेच येतात.

आता तुमचं बघा. तुमची वस्तू ग्राहकाच्या घरी गेल्यावर कुठे अडते? कोणी ती परत घेऊन आलं, तर पैसे देण्याआधी एकदा विचारा, "कसं वापरता, दाखवा ना."

भेटू पुढच्या व्हिडिओत!