चकाकत्या गोळ्यामागचं घर

जुन्या घरातला ख्रिसमस माळ्यावरून खाली उतरतो. जर्मनीत किंवा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तीन-चार पिढ्या एकाच छपराखाली नांदलेलं घर असेल, तर डिसेंबरात एक पुठ्ठ्याचा खोका हमखास बाहेर निघतो. आत कप्पे, कप्प्यांत पातळ कागद आणि कागदात काचेचे गोळे. काही बोरापेक्षा मोठे नाहीत, काही संत्र्याएवढे. पणजीचा निळा गोळा कोणत्या फांदीवर लागतो, याबाबत घरात एकमत असतं आणि तो हाताळायचा मान कोणाचा, यावर वाद.

झाड घरात कसं आलं, ती कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. १८४८ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने विंडसरच्या राजवाड्यातल्या झाडाभोवती जमलेलं व्हिक्टोरिया राणीचं कुटुंब छापलं. १८५० साली अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ने तेच चित्र राणीचा मुकुट आणि तिच्या नवऱ्याची, अल्बर्टची, मिशी पुसून पुन्हा छापलं, आणि राजघराण्याचं झाड चारचौघांच्या दिवाणखान्याचं झालं. त्या झाडावरचे गोळे मात्र कोणाच्या घरातून आले, हे क्वचितच कोणी विचारतं.

ते आले लाउशातून. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या जंगलातल्या एका अरुंद दरीतलं हे गाव १५९७ साली काचेच्या भट्टीभोवती वसलं. हान्स ग्राइनर आणि ख्रिस्टोफ म्यूलर या दोघांनी भट्टी घातली. जंगलात लाकूड भरपूर होतं आणि भट्टीला तेच हवं होतं. पुढे दोघांचा वंश इतका पसरला, की नुसत्या आडनावावरून माणूस ओळखू येईना. मग नावाला शेपूट जोडावं लागलं : ग्राइनर-श्लोटफेगर, म्यूलर-उरी. आपल्याकडे अख्खा गाव पाटलांचा असला की घराण्यांना टोपणनावं पडतात, तसंच. यातल्या लुडविग म्यूलर-उरीने १८३५ साली माणसासाठी काचेचा कृत्रिम डोळा घडवला. मणी, बाहुल्यांचे डोळे, खेळणी असं सगळं हे गाव काचेच्या नळ्या दिव्याच्या ज्योतीवर वितळवून करत असे.

गोळ्याच्या जन्माची एक लोकप्रिय गोष्ट आहे. १८४७ साली एका गरीब कारागिराला झाडावर टांगायला सफरचंदं आणि अक्रोड परवडेनात, म्हणून त्याने मुलांसाठी ते काचेचे फुंकले. गोष्ट गोड आहे, तिला पुरावा नाही. पुरावा आहे तो एका कारागिराच्या मागणीवहीतला : १८४८ साल, झाडासाठी गोळे, सहा डझन, निरनिराळ्या आकारांचे. म्हणजे बापाने मुलांसाठी फुंकले की नाही कोण जाणे, गिऱ्हाइकासाठी नक्की फुंकले. पर्यटकांना पहिली गोष्ट सांगितली जाते. पण त्या कोरड्या नोंदीत गावाचं पोट दिसतं, आणि म्हणून तीच जास्त मोलाची आहे.

नंतरची प्रगती रसायनाची आणि गॅसची. आतून चकाकी आणायला आधी शिशाचं मिश्रण वापरत. युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने चांदीचा थर चढवण्याची रीत शोधली होती. ती काही वर्षांनी इथल्या स्वयंपाकघरांत पोहोचली. १८६७ साली गावात गॅसचा कारखाना उभा राहिला आणि स्थिर, तापट ज्योत मिळू लागल्यावर मोठे, पातळ भिंतीचे गोळे फुंकता येऊ लागले.

स्वयंपाकघर हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा, कारण काम घरातच चाले. बाप ज्योतीपाशी बसून नळीचं टोक लाल करी, साच्यात धरी आणि एका फुंकरीत अक्रोड, घंटा किंवा द्राक्षाचा घोस उभा करी. नळीचा उरलेला दांडा धरायला तसाच ठेवत. आई त्या दांड्यातून सिल्व्हर नायट्रेटचं पाणी आत सोडी आणि गोळा गरम पाण्यात हलवत राही. बघता बघता आतली भिंत आरशासारखी होई. मग दांडे उलटे खोचून गोळे वाळत टाकायचे, रंगाच्या लाखेत बुडवायचे आणि पुन्हा वाळवायचे. मुलं दांडे कापत, पत्र्याच्या टोप्या बसवत, डझनाने खोके भरत. ज्या खोलीत चूल, तिथेच लाख आणि रसायनं. माल उंच टोपल्यांत भरून बायका पाठीवरून डोंगराखाली झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे नेत. १८८६ साली लाउशापर्यंत रेल्वे आली, पण भाव ठरवणारा माणूस झोनेबर्गचाच राहिला.

समुद्रापलीकडे फ्रँक वुलवर्थ. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या आपल्या दुकानात १८८० साली त्याने २५ डॉलरचे गोळे मोठ्या नाखुशीने घेतले आणि ते हातोहात खपले, असं तो स्वतः सांगे. पुढे त्याच्या दुकानांची साखळी झाली. आज जी अमेरिकन घरं पणजीचा गोळा जपतात, त्यांतल्या अनेकांच्या पणजीने तो काही सेंटांत घेतला होता. एवढ्या स्वस्तात तो कसा मिळे, याचं उत्तर लाउशातल्या त्या चुलीपाशी आहे.

हे उत्तर जर्मनीत एकदा जाहीरपणे मांडलं गेलं. १९०६ च्या जानेवारीत बर्लिनमध्ये घरकामाचं, म्हणजे घरात बसून कारखानदारांसाठी केलेल्या कामाचं, प्रदर्शन भरलं. तिथे मांडलेल्या वस्तूंसोबत ती करायला किती वेळ लागतो आणि मजुरी किती मिळते, हे लिहिलेलं होतं. भित्तिपत्रक चित्रकार केटे कोलविट्स हिचं : थकून गेलेल्या एका कामकरी बाईचा चेहरा, बाकी काही नाही. सम्राज्ञी आउगुस्टे व्हिक्टोरियाने अट घातली, की हे पत्रक भिंतींवरून निघेपर्यंत आपण प्रदर्शनाला येणार नाही. ती चिडली, यातच त्या चित्राचं यश आहे. त्याआधी १९०३ च्या कायद्याने आईबापांच्या हाताखाली राबणाऱ्या स्वतःच्या मुलांनाही काही संरक्षण दिलं होतं. पण घराच्या आत डोकवायला निरीक्षक किती, आणि डझनामागचा दर तोच राहिल्यावर आई मुलांना उठवणार कुठे?

मोडता घातला तो युद्धाने आणि यंत्राने. पहिल्या महायुद्धात जर्मन माल अडला. १९३९ साली, दुसरं युद्ध तोंडावर आलेलं पाहून, आयातदार मॅक्स एकार्ट आणि वुलवर्थ कंपनीने कॉर्निंग या काच कंपनीला गळ घातली. तिच्या वेल्सबोरोच्या कारखान्यात विजेचे दिवे फुंकणारं यंत्र होतं. तेच गोळ्यांकडे वळवलं. १९४० साली तिथे दिवसाला ३,००,००० गोळे निघत होते. एकार्टच्या मालाचं नाव ‘शायनी ब्राइट’.

म्हणूनच जुन्या घरातला खोका वाचायचा असेल तर गोळा सोडून टोपी पाहावी. टोपी पुठ्ठ्याची आणि काच आतून पारदर्शक असेल, तर तो गोळा युद्धकाळातला, धातू आणि चांदी लष्कराकडे गेली त्या दिवसांतला. टोपीवर ‘वेस्ट जर्मनी’ उमटलेलं असेल तर तो जर्मनीच्या फाळणीनंतरचा. लाउशा पूर्वेत राहिलं, बरेच कारागीर सीमा ओलांडून बायर्नमधल्या नॉयश्टाटला गेले आणि तिथे त्यांनी ज्योत पुन्हा पेटवली. लाउशात काम सरकारी कारखान्यात गेलं, १९९० नंतर पुन्हा छोट्या कर्मशाळांत आलं. २०२१ साली जर्मनीने या कलेला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. गौरव योग्यच आहे. पण वारसा म्हणताना डझनाचा दर विसरला जातो, हे खटकतं.

खटकायला आणखी एक जवळचं कारण आहे. परदेशी झाडांवरचे काचेचे गोळे आता फिरोजाबादहूनही निघतात, आणि महाराष्ट्रातल्या नवरीच्या हातातला हिरवा चुडाही तिथलाच असतो. त्या शहरात काचेचं कडं भट्टीवर निघतं. पण त्याची टोकं ज्योतीवर जोडायचं काम, जुडाई, पिढ्यान्‌पिढ्या वस्तीतल्या घराघरांत होत आलं आहे. बायका ज्योतीपुढे बसतात, मुलं मदतीला, दर नगावर. १९०६ च्या बर्लिनमधली वेळेची आणि मजुरीची ती पाटी आज कासाराच्या दुकानात लावली, तर किती जण ती वाचून थांबतील?

वसईत, गिरगावात किंवा गोव्यात कोणाच्या जुन्या घरी आजोबांनी बोटीवरून आणलेला एखादा गोळा असेल, तर दोन गोष्टी कराव्यात. तो पाण्याने धुऊ नये. लाख सुटते आणि रंग हातात येतो, म्हणून कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी, आणि पावसाळ्यात दमट माळ्यावर ठेवू नये. टोपीवर काय लिहिलंय ते पाहून, गाव कळलं तर गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून त्याच कप्प्यात ठेवावं. पणजीच्या नावाची चिठ्ठी बहुधा तिथे असतेच.