सत्तावीस लाख ठिपके

सणसरमधून जाणारा बारामती-इंदापूर रस्ता. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे इथं मुक्कामाला येते, तेव्हा स्वागताच्या फ्लेक्सना तोटा नसतो आणि एरवी वाढदिवस, नेमणुका, निवडणुका असतातच. यातला हाताला लागेल इतक्या उंचीवरचा एखादा फ्लेक्स निवडा आणि पुढाऱ्याच्या गालाला नाक टेकेल इतकं जवळ जा. लोक बघतील, बघू देत. मोबाइलचा कॅमेरा गालाशी धरून चित्र मोठं करा. गाल नाहीसा होतो. उरतात नुसते ठिपके: आकाशी, गुलाबी, पिवळे आणि मधूनच काळे. त्वचेचा गव्हाळ रंग कुठंच नाही. तो असणारही नाही, कारण गव्हाळ रंगाची शाई त्या मशिनात कधी भरलेलीच नव्हती. शाया चारच. बाकीचे रंग आपला डोळा स्वतःच्या खर्चानं तयार करतो.

आज हे ठिपके संगणक ठरवतो आणि मशीन काही मिनिटांत उडवून मोकळं होतं. पण एके काळी माणसांनी हीच करामत हातानं केली, तीही मराठी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांसाठी. तेव्हाचं एखादं जुनं मुखपृष्ठ भिंगाखाली धरलं, की फ्लेक्सचं कौतुक जरा कमी होतं.

मुखपृष्ठ दीनानाथ दलालांचं असेल तर उत्तम. दलाल गोव्याचे, जन्म १९१६चा. मुंबईला येऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पुढं स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १९४५मध्ये ‘दीपावली’ हा अंकही काढला. पुस्तकांची मुखपृष्ठं, कथाचित्रं, कॅलेंडरं, मांडणी असं सगळं ते करत. आज ज्याला आपण फ्रीलान्स इलस्ट्रेटर आणि डिझायनर म्हणतो, तो हाच माणूस. १९७१मध्ये ते गेले. त्यांच्या चित्राच्या कोपऱ्यात ‘दलाल’ अशी देवनागरी सही असते. मला मात्र भिंगातून दुसऱ्याच कोणाचा हात दिसतो. या माणसाची सही चित्रावर कुठंच नसते. तो ब्लॉकमेकर, म्हणजे छपाईचा धातूचा ठसा बनवणारा कारागीर.

अडचण अशी होती. दलालांनी रंगवलेल्या गालावर उजेडापासून सावलीपर्यंत शंभर छटा असतील. छपाईच्या यंत्राला छटा ठाऊकच नसते. धातूच्या ठशाचा जो भाग उंच, त्याला शाई लागते. जो खोल, त्याला लागत नाही. शाई आहे किंवा नाही, मधलं काही नाही. मग फिकट गुलाबी आणायचा कुठून?

त्याआधीच्या पिढीनं यावर शिळाछापाचा रस्ता काढला होता. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे आणि कारागीर त्यावर बारीक ठिपके चक्क हातानं देत. दाट ठिपके म्हणजे सावली, विरळ म्हणजे उजेड. घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी अशा ठिपक्यांनी घडल्या. सुंदर काम, पण दिवाळी अंक दिवाळीला निघावा लागतो.

हाफटोनच्या, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांतून छटा दाखवणाऱ्या ब्लॉकनं हे ठिपके द्यायचं काम उजेडाकडे सोपवलं, आणि सगळ्या प्रक्रियेत मला सर्वांत अचंबा वाटतो तो इथंच. दोन काचा घ्यायच्या. प्रत्येकीवर अतिशय बारीक समांतर रेघा कोरून त्यांत काळा रंग भरायचा. रेघा एकमेकींना काटकोनात येतील अशा बेतानं दोन्ही काचा चिकटवल्या की हजारो चिमुकल्या चौकोनी खिडक्यांची जाळी तयार होते. फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी अशा जाळ्या बनवण्यात नाव कमावलं. प्रोसेस कॅमेऱ्यात ही जाळी निगेटिव्हच्या समोर धरतात, पण टेकवत नाहीत. थोडी फट ठेवतात. फटीत सगळी गंमत आहे. खिडकीतून आलेला उजेड पलीकडं पडतो तो मध्ये प्रखर आणि कडांना विरत जाणारा. निगेटिव्हचा मसाला मुद्दाम हट्टी निवडलेला असतो: ठरावीक मर्यादेच्या वर उजेड मिळाला तर पूर्ण काळा, नाहीतर कोरा. त्यामुळं चित्राचा भाग उजळ असेल तर कवडशाचा जास्त घेर ती मर्यादा ओलांडतो आणि ठिपका मोठा उमटतो. भाग काळोखा असेल तर फक्त मधला कण तेवढा काळा होतो. कोणीही मापत नाही. प्रत्येक खिडकीपाशी उजेड आपल्या ठिपक्याचा आकार आपणच ठरवतो.

या विद्येत भारतातल्या एका माणसानं जगाला दखल घ्यायला लावली. कोलकात्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी, सत्यजित राय यांचे आजोबा. लहान मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या या गृहस्थांनी विलायतेहून सामान मागवलं आणि घरात बसून जाळीचं गणित मांडलं. जाळी किती अंतरावर धरावी, भिंगाचं छिद्र कसं असावं, यावर त्यांनी इंग्लंडच्या ‘पेनरोज’ वार्षिकात लेख लिहिले. १९१५मध्ये ते वारले. दलाल तेव्हा जन्मायचे होते.

आता निगेटिव्हवरून ब्लॉक. तांब्याच्या पत्र्यावर माशाचा सरस आणि बायक्रोमेट यांचं पातळ मिश्रण पसरायचं, वर निगेटिव्ह ठेवून प्रखर उजेड द्यायचा. उजेड लागेल तिथं सरस कडक होतो, बाकीचा पाण्यानं धुऊन जातो. मग पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये टाकला की उघडं तांबं खाल्लं जातं आणि कडक सरसाखालचे ठिपके उंच राहतात. पत्रा जस्ताचा असेल तर नायट्रिक ॲसिड. शेवटी तो लाकडावर ठोकून टाइपाच्या उंचीला, म्हणजे सुमारे २३ मिलिमीटरला आणायचा. गुळगुळीत आर्ट पेपरसाठी जाळी बारीक, इंचाला १२० ते १५० ओळी. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला ती झेपत नाही, ठिपके एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणून तिथं ६५ ओळींच्या आसपास. जुन्या वर्तमानपत्रातली छायाचित्रं नुसत्या डोळ्यांना ठिपकेदार दिसतात ती यामुळं.

हिशेब करून पाहा. मुखपृष्ठाचं चित्र ७ बाय ९ इंच आणि जाळी १२० ओळींची धरली, तर एका चौरस इंचात १४,४०० ठिपके. पूर्ण चित्रात ९,०७,२००. हे एका रंगाचे झाले. तिरंगी छपाईत रंग तीन, म्हणजे सत्तावीस लाखांच्या वर. अंकाची किंमत पाहता ठिपका फारच स्वस्त पडत असे.

तीनच रंग का पुरतात? आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या म्हणून. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६१मध्ये लंडनला एका रंगीत फितीची तीन छायाचित्रं तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून काढवून घेऊन ती पडद्यावर एकत्र करून दाखवली होती. ब्लॉकमेकर हेच उलट बाजूनं करी. दलालांचं एकच चित्र तो तीनदा टिपत असे. निळ्या काचेतून टिपलं की पिवळ्याचा ब्लॉक मिळे, हिरव्या काचेतून गुलाबीसर तांबड्याचा, तांबड्या काचेतून आकाशी निळ्याचा. तिन्ही वेळा हाती येई ती काळीपांढरीच निगेटिव्ह. रंग पहिल्यांदा दिसायचा तो थेट मशिनवर.

तीन जाळ्या एकाच कोनात ठेवल्या तर मात्र फजिती. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की लाटा दिसतात, तशा लाटा चित्रातल्या बाईच्या चेहऱ्यावरून फिरू लागतात. म्हणून प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात फिरवायची. चौकोनी जाळी नव्वद अंशांत फिरली की पुन्हा पहिल्यासारखीच दिसते. म्हणजे मोकळी जागा नव्वदचीच. ती तिघांत सारखी वाटली तर तीस-तीस अंश येतात आणि तेवढ्या अंतरावर लाटा इतक्या बारीक होतात की नजरेला त्या इवल्या फुलांसारख्या दिसतात. भिंगातून पाहताना ही फुलं शोधा, पानभर पसरलेली असतात. पुढं चौथा, काळा ब्लॉक आला तेव्हा जागा उरली नव्हती. मग पिवळ्याला दुसऱ्या दोघांच्या मध्ये, पंधरा अंशांवर कोंबलं. पिवळ्याची कुरकुर डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, म्हणून.

इथवर उजेड, काच आणि ॲसिड यांचंच राज्य आहे, असं वाटेल. पण छापून पाहिलेलं पहिलं प्रूफ बहुतेक वेळा मळकट येई. दोष शायांचा. गुलाबी शाई स्वतःचं काम करता करता पिवळ्याचंही थोडं काम उरकते, निळी शाई त्या दोघींच्या कामात लुडबुड करते. मग हिरवी झाडं करपल्यासारखी आणि गोरा गाल कावीळ झाल्यासारखा दिसे. अशा वेळी ब्लॉकमेकर मूळ चित्र समोर ठेवून तांब्याचा पत्रा घेऊन बसे. जो भाग बरोबर आहे त्याच्यावर कुंचल्यानं वॉर्निश लावून तो झाकायचा, उरलेल्यावर पुन्हा ॲसिड द्यायचं. ठिपके कडेनं झिजून बारीक होतात, रंग हलका पडतो. पुन्हा धुवायचं, पुन्हा झाकायचं. कपाळावरच्या पिवळ्याला किती वेळ, ओठाच्या तांबड्याला किती, हे कोणत्याही पुस्तकात नाही. थोडक्यात, दलालांनी एकदा रंगवलेलं चित्र हा माणूस ॲसिडनं आणखी तीनदा रंगवत होता, तेही रंग न पाहता. त्याला चित्रकार न म्हणणं हा आपला कंजूषपणा आहे.

त्यानंतर मशीनमनची पाळी. आधी पिवळा, मग तांबडा, मग निळा. प्रत्येक वेळी कागद काटेकोरपणे त्याच जागी बसला पाहिजे. अर्धा मिलिमीटर सरकला तरी नायिकेच्या ओठांचा रंग ओठांबाहेर. आणि कागद हवेतली ओल पिऊन फुगतो. मराठी दिवाळी अंकाची प्रथा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं १९०९मध्ये पाडली आणि तेव्हापासून मुंबईच्या छापखान्यांची घाई नेमकी पावसाच्या शेवटच्या महिन्यांत असते. पिवळा रंग कोरड्या दिवशी आणि निळा ओल्या दिवशी छापला गेला, तर मधल्या मधे कागदच मोठा झालेला. जुन्या मुखपृष्ठांवर चित्राच्या कडेला कधी कधी पिवळी किंवा निळी रेघ डोकावते. ती दिसली की मला हवामान कळल्यासारखं वाटतं.

ऑफसेट आलं, रंग वेगळे करणारी स्कॅनर यंत्रं आली आणि तांब्याचे ब्लॉक मोडीत निघाले. मात्र गेल्या काही वर्षांत स्वतंत्र काम करणारे तरुण चित्रकार पुन्हा या जुन्या अडचणीकडं आपण होऊन निघालेत. त्यांचं लाडकं यंत्र म्हणजे जपानी रिसोग्राफ, मुळात कार्यालयांची पत्रकं आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका स्वस्तात छापण्यासाठी बनवलेलं. बारीक भोकं पाडलेला मास्टर एका ड्रमला गुंडाळला जातो आणि आतून शाई बाहेर येते. एका ड्रममध्ये एकच रंग. दुसरा हवा असेल तर ड्रम बदला, तोच कागद पुन्हा घाला आणि तो त्याच जागी बसावा अशी आशा धरा.

इथं चित्रकाराला ब्लॉकमेकर व्हावं लागतं. तीन रंगांचं छोटं पुस्तक करायचं तर तीन वेगळी करडी चित्रं काढायची, एकावर एक पडल्यावर काय होईल ते डोक्यात धरून. हिरवं शेत हवं असेल तर ते पिवळ्याच्या पानावरही काढायचं आणि निळ्याच्याही, दोन्हीकडं वेगवेगळ्या जोरानं. यात एक फायदा दलालांच्या ब्लॉकमेकरला नव्हता. रिसोच्या ड्रममध्ये झगझगीत गुलाबी शाई मिळते आणि ती पिवळ्यावर पडली की जो नारिंगी उठतो, तो नेहमीच्या चार शायांतून काही केल्या निघत नाही. मोबाइलच्या पडद्यावरही तो नीट दिसत नाही, प्रत्यक्ष कागदच हातात घ्यावा लागतो. तोटाही आहे: छापलेला गाल पिवळा पडला तर वॉर्निश आणि ॲसिड घेऊन बसणारा कारागीर आता नाही. गालाचं पिवळं चित्र खोडायचं, फिकट काढायचं आणि नवा मास्टर लावायचा.