पाव फेरा

सकाळी साडेसात. दुकान उघडलं की पहिलं काम हायग्रोमीटरचं. तो रात्रभर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेला असतो आणि शेजारी बाटलीच्या बुचात ओलं मीठ. पाणी इतकंच घालायचं की मिठाचा लगदा व्हावा, मीठ विरघळता कामा नये. अशा मिठावरची बंद डब्यातली हवा 75 टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते, बाहेर मे असो की ऑगस्ट. आज आकडा 71 आहे. म्हणजे यंत्र चाराने कमी सांगतंय, दिवसभर तेवढे मिळवून वाचायचं.

डब्याबाहेर काढून अर्ध्या तासाने पाहिलं. दुरुस्त आकडा 78. मृग बरसून आठवडा झालाय. मे महिन्यात भर दुपारी याच टेबलावर तो विशीच्या आसपास घुटमळत होता. गिटारला मानवते ती 45 ते 55 टक्क्यांची हवा, आणि छत्रपती संभाजीनगरात ती फार थोडे दिवस मिळते. विशीतल्या हवेत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या चार-पाच टक्के पाणी उरतं, ऐंशीच्या हवेत ते पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढतं. हे पाणी लाकडाला रुंदीत फुगवतं, लांबीत फरक अगदी नावापुरता. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे आहे.

साडेनऊ. वाळूजच्या एका कारखान्यात असणारा तरुण सेकंड शिफ्टच्या आधी गिटार घेऊन आला.

"दादा, मागच्या आठवड्यापर्यंत मस्त होती. आता बाराव्या फ्रेटला दाबताना बोट दुखतं. मान वाकली असणार. एलन कीनं आवळून टाका."

"आवळू, पण आधी मोजू दे."

पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा, मान धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि मध्ये, सातव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्या फटीत फीलर गेजचं पातं सरकवायचं. टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तेच हे गेज, मोटार स्पेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतं. वाळूजच्या मुलाला ते समजावून सांगावं लागलं नाही, त्यानेच वाचलं. 0.15 चं पातं सहज गेलं, 0.20 चं अडलं. मान जवळपास सरळ होती. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची मात्र साडेतीन मिलिमीटर. ती अडीचच्या आसपास हवी.

मग स्टीलची पट्टी ब्रिजच्या मागे, गिटारच्या पोटावर आडवी ठेवली. मधोमध टेकली आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसला. पोट फुगलंय. स्प्रूसची पातळ पाटी पाणी प्याली की वर येते, सोबत ब्रिजला उचलते आणि तारा चढतात. त्याच वेळी फिंगरबोर्डही फुगतो. मानेच्या पाठीवर लॅकर असतं, फिंगरबोर्डचं लाकूड बहुधा उघडं, म्हणून तो आधी पाणी ओढतो आणि मानेला मागच्या बाजूला रेटतो. पावसाळ्यात तारा वर गेल्या म्हणून ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, आवळणं यासाठीच चुकीचं. मान आधीच मागे झुकायला निघालेली, तिला आपण आणखी मागे ओढतो. मग पहिल्या तीन-चार फ्रेटवर तार खरखरते आणि पोट तसंच फुगलेलं राहतं.

ट्रस रॉडचं काम वेगळं आहे. स्टीलच्या सहा तारांचा ताण मिळून सत्तर किलोच्या आसपास जातो. त्या ओढीसमोर मानेला उभं ठेवायला ही सळई. गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यू यांनी तिच्या पेटंटसाठी 1921 मध्ये अर्ज केला, 1923 मध्ये ते मिळालं. सळई मानेचा बाक सांभाळते, तारांची उंची ठरवणं हे तिचं कामच नाही.

त्या मुलाला मी दुसरं सॅडल करून दिलं. ब्रिजमधली हाडाची पट्टी ती. बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल दोन मिलिमीटर उतरवावं लागतं. नवी पट्टी काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासली, बूड काटकोनात ठेवून, कारण बूड तिरकं झालं की आवाज मरतो. जुन्या पट्टीवर पेन्सिलीने 'उ' लिहिलं, नव्या पट्टीवर 'पा'. उन्हाळी आणि पावसाळी. दिवाळीनंतर पोट बसलं की पट्टी बदलायची. या गावात प्रत्येक चांगल्या गिटारच्या केसमध्ये अशा दोन पट्ट्या असायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

साडेअकरा. सिडकोतल्या एका शाळकरी मुलीचे वडील मेमध्ये दिलेली गिटार न्यायला आले. तेव्हाची तक्रार होती, मानेवरून हात सरकवला की ओरखडे येतात. फिंगरबोर्ड आकसतो, फ्रेटचा धातू आकसत नाही, म्हणून फ्रेटची टोकं बाहेर येतात. धडाकडे फिंगरबोर्डची रुंदी साधारण 55 मिलिमीटर, कडक उन्हाळ्यात त्यातली पाव मिलिमीटर जाते. डोळ्यांना दिसतही नाही, पण बोटाला लगेच कळते. लाकडावर मास्किंग टेप चिकटवून, बारीक कानशीने एकेक टोक घासत गेलो होतो, दोन्ही बाजू, वीस फ्रेट. टोकाच्या वरच्या कोपऱ्याला शेवटी तीन हलके हात, मग बारीक पेपर. हे काम उन्हाळ्यातच करावं. लाकूड सर्वांत आकसलेलं असताना टोक बरोबर केलं की पावसात लाकूड पुढे येतं आणि धातू आत राहतो, त्रास काहीच नाही. पावसाळ्यात केलं तर पुढच्या मार्चमध्ये टोकं पुन्हा बाहेर. मघाशी फोनवर एकाने हेच काम आत्ता करून मागितलं, त्याचं नाव वहीत पुढच्या मेच्या पानावर लिहून ठेवलंय.

मुलीच्या वडिलांना एकच विचारलं, गिटार कुठे टांगता? कूलरसमोरच्या भिंतीवर. इथल्या घरांत ही नेहमीची गोष्ट. रात्रभर ओला झोत, दिवसभर कोरडी झळ, एका गिटारला रोज दोन ऋतू. केसमध्ये ठेवा म्हटलं.

दीड. ऊन पडलं, आकडा 56 वर आला. हवा तीच, फक्त तापली. लाकडाला याचा पत्ता नसतो, त्याला बदलायला दिवस लागतात, जाड मानेला आठवडेही. एक इलेक्ट्रिक गिटार टेबलावर आहे. तिला फुगायला पोकळ पोट नाही, पण मान खरोखर मागे झुकलीय आणि पहिल्या फ्रेटांवर खरखर आहे. इथे ट्रस रॉड सैल करायचा. तारा सुरात असताना एलन की घालून उलट दिशेने पाव फेरा, बस्स. पुन्हा सुरात लावली आणि बाजूला ठेवली. मान लगेच थोडी हलते, उरलेली रात्रभरात. उद्या मोजल्याशिवाय कीला हात लावायचा नाही. जी मुलं एका बैठकीत पूर्ण फेरा मारून बघतात, त्यांच्या गिटारी मला उरलेला महिना पुरतात.

साडेतीन. औरंगपुऱ्यातले एक वयस्क सतारवादक खुंटी अडकली म्हणून आले. मिरजेची सतार. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधीही मराठी घरांत सतार म्हणजे मिरजच. खुंटी पावसाने फुगून भोकात घट्ट बसली होती. हळूच मागे ओढून काढली, चकाकलेल्या जागी खडू लावला, फिरायला लागली. ते चहा घेईपर्यंत मी पडदे बघत बसलो. पितळी, बाकदार, दांडीला दोऱ्याने बांधलेले. दांडी फुगली, आकसली, सूर हलला, तर वादक पडदा केसभर सरकवतो आणि वाजवत राहतो. गिटारमध्ये प्रत्येक फ्रेट खाचेत ठोकून बसवलेला. त्याने कॉर्ड वाजवणं सोपं झालं, पण हवा बदलली की दाद मागायला वादकाच्या हाती काही उरलं नाही, कारागिराकडेच यावं लागतं. या बाबतीत सतार करणाऱ्यांनी आपली हवा जास्त ओळखली होती.

संध्याकाळ दोन सैल फ्रेट बसवण्यात गेली. नायलॉनच्या हातोडीने ठोकले, टोकाला पातळ फेव्हिक्विकचा थेंब, वर लाकडी ठोकळा आणि क्लॅम्प.

पावणेआठ. शटर अर्धं ओढलेलं असताना एक मुलगी आली, मुंबईला शिकायला निघालेली. "काका, परवा जातेय. सेटिंग करून द्या ना, तिकडे कुणी ओळखीचं नाही."

गिटार पाहिली. पोट अजून सपाट, तारा खाली, मेमधली कोरड अजून लाकडात होती.

"आज काही करणार नाही मी. मुंबईच्या हवेत ही महिनाभर वर येत राहील. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाक, खोलीत बाथरूमच्या भिंतीला टेकवू नकोस. गणपतीला येशील ना?"

"येईन."

"तेव्हा आण. आणि मधे कुणी ट्रस रॉड फिरवतो म्हणालं तर आधी मला फोन कर."

तिच्या केसच्या झाकणावर आतून कागद चिकटवला. आजची तारीख, सातव्या फ्रेटची फट 0.25, बाराव्यावर 2.2, आर्द्रता 74.