संस्थेचा ताळेबंद सभासदाने कसा वाचावा?

सहकारी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाटला जातो, "ताळेबंद मंजूर" अशी सूचना येते आणि हात वर होतात. आकड्यांची ती दोन पाने मात्र क्वचितच कोणी वाचतो. या दुर्लक्षाची किंमत पुढे सभासदालाच मोजावी लागते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याने हा अनुभव घेतला आहे. ढोकी येथील तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना अनेक वर्षे बंद राहिला. थकीत कर्जापोटी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने तो ताब्यात घेतला व पुढे भाडेपट्ट्याने चालविण्यास दिला. मोठ्या कर्जाची वसुली अडकली की बँकेत ठेव ठेवणाऱ्या सामान्य माणसाचीही अडचण होते. म्हणून ताळेबंद वाचता येणे ही केवळ हिशेबनिसाची बाब नव्हे.

ताळेबंद म्हणजे एका विशिष्ट दिवशीचे, सामान्यतः 31 मार्चचे, संस्थेचे आर्थिक छायाचित्र होय. डाव्या बाजूस भांडवल व देणी, म्हणजे पैसा कोठून आला ते असते. उजव्या बाजूस मालमत्ता व येणी, म्हणजे तो कोठे गुंतला आहे ते असते. दोन्ही बेरजा सारख्याच येतात; परंतु बेरीज जुळली म्हणजे संस्था सुदृढ आहे, असे मात्र नव्हे. नफा-तोटा पत्रक वर्षभराचे उत्पन्न व खर्च दाखविते.

उदाहरणादाखल एखाद्या गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेचा ताळेबंद घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. डाव्या बाजूस भागभांडवल 12 लाख, राखीव व इतर निधी 6 लाख, बँकेचे कर्ज 80 लाख व इतर देणी 7 लाख रुपये. उजव्या बाजूस रोख व बँकेतील शिल्लक 3 लाख, सभासदांकडील येणे कर्ज 75 लाख, येणे व्याज 12 लाख, गुंतवणूक 6 लाख, इमारत व फर्निचर 4 लाख आणि संचित तोटा 5 लाख रुपये. दोन्हीकडे बेरीज 105 लाखच.

आता बारकाईने पाहू. संचित तोटा उजव्या बाजूस असला तरी ती मालमत्ता नव्हे. तो वजा केल्यास 18 लाखांचा स्वनिधी प्रत्यक्षात 13 लाखच उरतो. सभासदांच्या कर्जापैकी 15 लाख रुपये वसूल झाले नाहीत, तर हा स्वनिधी संपून संस्था 2 लाखांच्या तुटीत जाईल. दुसरे असे की, बँकेला देणे कर्ज 80 लाख. सभासदांकडून येणे कर्ज 75 लाख. या 5 लाखांच्या फरकास सहकारात 'अनिष्ट तफावत' म्हणतात. सर्व सभासदांनी मुद्दल फेडले तरी बँकेचे कर्ज त्यातून फिटणार नाही, असा याचा अर्थ. वसुलीची रक्कम बँकेत न भरता पगारावर वा इतर खर्चावर वापरली गेली, तर अशी तफावत वाढते. तिसरी बाब येणे व्याजाची. हे व्याज उत्पन्नात धरले जाते, पण रोकड हाती आलेली नसते. त्यावर पुरेशी तरतूद नसेल, तर दाखविलेला नफा कागदावरचाच ठरतो.

एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये. तीन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवावेत. थकबाकीचे येणे कर्जाशी प्रमाण वाढते आहे काय? व्यवस्थापन खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने वाढतो काय? लेखापरीक्षणातील 'अ', 'ब', 'क', 'ड' वर्गवारी घसरली काय? मागील दोषांचा दुरुस्ती अहवाल सादर झाला काय? अवर्षणाच्या वर्षी थकबाकी वाढणे समजण्यासारखे आहे; परंतु चांगल्या पावसानंतरही ती तशीच राहिली, तर दोष पावसाकडे नव्हे, कारभाराकडे शोधावा लागेल.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 नुसार प्रत्येक सभासदाला संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद कार्यालयात विनामूल्य पाहता येतो. कलम 66 नुसार नफा मिळविणाऱ्या संस्थेने राखीव निधी उभारावयाचा असतो. तो संकटकाळचा आधार आहे.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी सभेपूर्वी एका संध्याकाळी अहवाल चारचौघांत वाचून दाखविला, तरी पुष्कळ काम होईल. ज्या सभेत आकड्यांवर प्रश्न विचारले जातात, तेथील कारभाऱ्यांनाही हिशेब चोख ठेवावा लागतो.