लाल हापसा, हिरवा हापसा

मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटने टीडीएस मीटर आणला आणि दोन दिवस अख्खं हॉस्टेल कामाला लागलं. कूलरचं पाणी, बोअरचं पाणी, मेसचं ताक (हो, ताकसुद्धा!). कूलरचा आकडा १८० आला तेव्हा 'पाणी सेफ आहे' असं जाहीर झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. नंतर सेमिनारसाठी बांगलादेशातल्या आर्सेनिकचा विषय घेतला आणि त्या टाळ्यांची जरा लाजच वाटली. मित्रमैत्रिणींनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या, पण गोष्ट नीट वाचा.

तळ्याचं, नदीचं पाणी पिऊन बांगलादेशात लहान मुलं जुलाबाने दगावत. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकात युनिसेफ आणि तिथल्या सरकारने गावोगावी हापसे बसवले. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने लाखो बसवले. तिथे आपल्यासारखा काळा पाषाण नाही, नुसता गाळ आणि वाळू. त्यामुळे बोअरचं मशीन लागत नाही. बांबूचा सांगाडा, पाइप आणि चार माणसं. एकजण वर बसून पाइपच्या तोंडावर तळहात दाबतो-सोडतो, तोच व्हॉल्व! पाणी नितळ आणि जंतू जवळजवळ नाहीत.

१९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या तज्ज्ञांनी तिथल्या १५० हापशांचं पाणी तपासलं. कितीतरी मूलद्रव्यं तपासली, आर्सेनिक तेवढं राहिलं. संशयच नव्हता म्हणून. खरं तर शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये १९८३ च्या सुमारास त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांना आर्सेनिकचे रुग्ण सापडले होते. बांगलादेशात ते १९९३ मध्ये सापडलं. पुढे एका गावकऱ्याने लंडनच्या कोर्टात दाद मागितली. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की संस्थेवर तशी कायदेशीर जबाबदारी येत नाही. कायद्याने बरोबर असेलही. पण याच संस्थेने नंतर बांगलादेश सरकारबरोबर साडेतीन हजार विहिरी तपासल्या, तेव्हा उथळ विहिरींपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे १०.

आता आमच्या मीटरबद्दल. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. १८० च्या जागी १८०.०५! त्यात मीटर मोजतो पाण्याची विद्युतवाहकता, आणि तिथल्या भूजलातलं बरंचसं आर्सेनिक विद्युतभार नसलेल्या रूपात असतं. म्हणजे मीटरच्या दृष्टीने ते नाहीच.

हे विष कुठल्या कारखान्याचं नाही. हिमालयातून आलेल्या गाळात लोहाच्या ऑक्साइडचे कण असतात आणि त्यांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळात सडलेला पालापाचोळाही असतो. तो खाणारे जिवाणू ऑक्सिजन संपला की लोहाच्या ऑक्साइडवर काम भागवतात. लोह विरघळतं आणि आर्सेनिकही सुटतं.

२००० मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठाचे संशोधक ढाक्याजवळच्या आराइहाजारला आले. जवळजवळ सहा हजार विहिरी तपासल्या, सुमारे बारा हजार लोकांच्या तब्येतीचा अभ्यास सुरू केला. त्यांना दिसलं की एका अंगणातली विहीर विषारी आणि काही मीटरवरची शेजारची चांगली, असं सर्रास आहे. म्हणजे सर्वात स्वस्त उपाय शेजाऱ्याकडे! पण रोज दुसऱ्याच्या दारात घागर घेऊन जायचं कुणी? बाईनेच. त्यात आर्सेनिकमुळे अंगावर डाग पडलेल्या माणसाला लोक कुष्ठरोगी समजून दूर ठेवत, मुलींची लग्नं अडत. एवढं असूनही विषारी विहिरीवाल्यांपैकी सुमारे ६० टक्के कुटुंबांनी वर्षभरात विहीर बदलली. मला हा आकडा कुठल्याही फिल्टरपेक्षा मोठा वाटतो.

गावातली टेस्ट आपल्या केमिस्ट्री लॅबसारखीच. पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकायची, आर्सिन वायू निघतो, वरची कागदी पट्टी पिवळी ते तपकिरी होते. किटवर २० मिनिटं लिहिली होती, या मंडळींनी पडताळून ४० थांबायला सांगितलं. सरकारी मोहिमेत असेच सुमारे ५० लाख हापसे तपासून विषारी तो लाल, चांगला तो हिरवा असे रंगवले.

मतलब भागात स्वीडनच्या संशोधकांना वेगळाच अनुभव आला. तिथले हापसे खोदणारे लोक वाळूच्या रंगावरून खोली ठरवत होते. काळ्या वाळूचं पाणी लोहाने कपडे पिवळे करतं, म्हणून लालसर वाळू शोधायची. संशोधकांनी मोजलं तर त्या लालसर वाळूच्या पाण्यात आर्सेनिकही कमी! डॉक्टरेटवाल्यांनी हे खोदणाऱ्यांकडून शिकून घेतलं आणि पेपरात तसं लिहिलं, हे मला फार आवडलं.

सगळं गोड झालं असं नाही. खोल विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी चांगलं असतं, पण सरकारी पैशाने खोदलेल्या अशा विहिरी अनेकदा पुढाऱ्यांच्या मर्जीतल्या लोकांच्या वाट्याला जातात, असं ह्यूमन राइट्स वॉचने २०१६ च्या अहवालात दाखवलं.

आमच्या बोअरचं सॅम्पल मी सिव्हिलच्या लॅबमध्ये नेऊन दिलंय. फॉर्मवर 'कोणत्या तपासण्या हव्यात' असा रकाना आहे. यवतमाळची मैत्रीण म्हणाली, आधी फ्लोराइड लिही. ते लिहिलं, मग नायट्रेट लिहिलं. पुढे काय लिहावं हे विचारायला लॅबच्या सरांकडे गेले, तर ते म्हणाले, "तुला कशाचा संशय आहे?"